जुन्या ट्रॅक्टराची पारख व त्याचे मोल

बैल विकत घेताना आमच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, जनावर चालवून पाहतो, जमल्यास औतास जुंपून पाहतो आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव करतो. परंतु हाच चतुर मनुष्य जुना ट्रॅक्टर घ्यावयास निघाला म्हणजे नवा रंग, चकचकीत छत आणि दलालाचे गोड बोलणे ह्यांस भुलतो. आणि बैलजोडी मोडून अगर जमिनीवर कर्ज काढून उभा केलेला पैसा एका दुपारी घालवून बसतो. नव्या ट्रॅक्टराची किंमत पुष्कळांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे वीस-तीस वर्षे चाललेली यंत्रे गावोगाव विकली जातात. त्यांत उत्तम माल आहे, तसेच केवळ भंगारही आहे. ह्या दोहोंतील भेद ओळखावा कसा व रास्त किंमत ठरवावी कशी, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहो.

यंत्राची जात

प्रथम यंत्र कोणत्या जातीचे आहे हे पाहावे. कारण जुन्या यंत्राचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांवर अवलंबून असते. आपल्या देशात ट्रॅक्टर बनविण्यास १९५९ साली फरीदाबाद येथे आयशरपासून आरंभ झाला. पुढे मद्रासकडून मॅसी फर्ग्युसन, मुंबईकडून महिंद्रांचा बी-२७५, पंजाबातून १९७४ साली स्वराज ७२४ अशी यंत्रे निघाली. ज्या जातीची यंत्रे आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत, तिचे भाग बाजारात मिळतात आणि तिची नस जाणणारा मिस्त्रीही जवळ सापडतो. ह्याच्या उलट उदाहरण एच. एम. टी.चे आहे. पिंजोरच्या ह्या कारखान्यात १९७१ सालापासून झेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या तंत्राने दणकट ट्रॅक्टर होऊ लागले. परंतु २०१६ साली केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केला. असे यंत्र घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र विसार देण्यापूर्वी जवळच्या शहरातील दुकानात जाऊन लायनर-पिस्टन, क्लचची प्लेट व हायड्रॉलिक पंपाचे भाग मिळतात की नाही, आणि काय दराने, ह्याची चौकशी अवश्य करावी.

वय व तास

बैलाचे वय दातांवरून कळते. ट्रॅक्टराचे वय तासमापकावरून कळावे अशी योजना असते. परंतु बैलाचे दात बदलता येत नाहीत, तासमापक मात्र बदलता येतो, आणि त्याची केबल तुटली म्हणजे तो वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर उभाही राहतो. म्हणून आकड्यावर विसंबू नये. क्लचच्या पायटाचे रबर झिजून लोखंड उघडे पडले आहे काय, ओढदांड्याची भोके लांबट झाली आहेत काय, खालच्या दोन्ही लिंकांचे गोळे ढिले झाले आहेत काय, हे पाहावे. मापक दोन हजार तास दाखवितो आणि ही अंगे मात्र झिजून गेली आहेत, असे दिसल्यास मापक खोटा समजावा. नवा रंग दिसला तर अधिक सावध व्हावे. रंगाखाली तेलाचा ओलावा, हाऊसिंगवरील वेल्डिंग व भेगांचे डाग लपविलेले असतात; ह्यासाठी खालून, बॅटरीच्या उजेडात, पुसून पाहावे.

इंजिनाची परीक्षा

यंत्र पाहावयास सकाळी जावे, आणि ते आधी चालू करून ठेवू नये असे मालकास अगोदर कळवावे. गेल्याबरोबर इंजिनास हात लावावा. ते गरम असेल तर थंडीत सुरू न होण्याची खोड झाकली जात आहे असा संशय घेण्यास हरकत नाही. सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. तेलाची पट्टी काढून तेल दुधासारखे झाले आहे काय हे पाहावे. मालकाची संमती असल्यास खालचा बूच किंचित सैल करावा. तेलात पाणी मिसळत असेल तर ते रात्रभर तळाशी बसलेले असते व प्रथम तेच बाहेर येते. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना, हेही पाहावे. ही दोन्ही चिन्हे हेडचे गास्केट गेल्याची, लायनरची खालची रबरे गेल्याची, अथवा हेड वा ब्लॉक तडकल्याची असतात. आणि त्यांतील शेवटचे कारण निघाल्यास सर्वांत मोठा खर्च येतो.

इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहावा. भार पडताच काळा धूर येत असेल तर हवेची गाळणी कोंदली आहे किंवा नोझल व पंप ह्यांत दोष आहे. हा दोष बहुधा अल्प खर्चात सुधारतो. निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल जाळीत आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हची गाईड झिजली आहे असे समजावे. पांढरा धूर आरंभी थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला तर दाब कमी आहे किंवा पाणी आत जात आहे. ह्यानंतर तेल भरण्याचे झाकण काढून तेथे तळहात धरावा. भकाभक वाफारा येत असेल तर 'इंजिन काम' जवळ आले आहे. शेवटी अर्धा तास काम करवून, इंजिन तापलेले असताना व मंद चालत असताना तेलाचा दाब पाहावा. थंड इंजिनाचा दाब पाहून केलेला निर्णय व्यर्थ होय.

क्लच, गिअर, हायड्रॉलिक

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या जागी, पुढे कोणी नाही असे पाहून, ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो. चालूच राहिले तर तो घसरतो. गिअर पाहण्यास उतार शोधावा. उतारावर वेग कमी करताच गिअर आपोआप बाहेर पडत असेल तर दाते झिजले आहेत, आणि त्यासाठी यंत्र मधोमध उघडावे लागते.

हायड्रॉलिक पाहण्यास रिकामा ट्रॅक्टर उपयोगी नाही. पलटी नांगर अगर रोटाव्हेटर जोडून तो उचलावा व इंजिन बंद करावे. दोन-चार मिनिटांतच अवजार भुईस टेकले, किंवा इंजिन चालू असताना उचललेले अवजार सारखे उचक्या देऊ लागले, तर आतील सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहे. पुढचा आस जॅकवर उचलून चाके हलवून पाहावीत. मधली पिन व किंगपिन ह्यांतील ढिलेपणा तेव्हाच कळतो. मागील टायरांच्या नुसत्या नक्षीवर समाधान मानू नये. बाजूंस पडलेल्या चिरा व आतून लावलेले तुकडे पाहावेत, कारण मागच्या दोन टायरांचा खर्च जुन्या ट्रॅक्टराच्या किमतीचा लक्षात येण्याजोगा हिस्सा असतो. एवढे झाल्यावर, मालक राजी असेल तर, त्याच्याच शेतात तासभर नांगरट करून पाहावी. जो मालक ह्यास कोणत्याही सबबीखाली नकार देतो, त्याच्याशी व्यवहार न करणे बरे.

कागदपत्र

यंत्र निर्दोष आणि कागद सदोष, अशा व्यवहारात घेणाऱ्याइतकाच देणाराही बुडतो. चासी व इंजिन ह्यांवरील क्रमांक नोंदणीपत्रातील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. नोंदणीपत्रावर बँकेचा अगर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला व नमुना ३५ हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. शेतीच्या ट्रॅक्टराची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे ५-५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. हे नूतनीकरण राहिले असल्यास त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. परराज्यातील यंत्र असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र पाहिजे, आणि येथे १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे तर येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० भरावयाचे असतात. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली असता विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत ती कळवावयाची आहे. 'शंभर रुपयांच्या कागदावर लिहून घेतले, आता काय भय' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, वाहन हस्तांतरित झाले तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईपुरता मालक समजला जाईल. विकलेल्या ट्रॅक्टराखाली कोणी सापडले आणि विमा नसला तर दहा वर्षांपूर्वी पैसे घेऊन मोकळा झालेला शेतकरी पुन्हा कोर्टात उभा राहतो, ह्याचा विचार विकणाऱ्यानेही करावा.

मोल कसे ठरवावे

शेतकी यंत्रांच्या हिशेबात ट्रॅक्टराचे आयुष्य १० वर्षे अथवा १०,००० तास धरून शेवटचे मोल मूळ किमतीचा दहावा हिस्सा मानण्याचा प्रघात आहे. परंतु डागडुजी होत गेलेली यंत्रे ह्याहून कितीतरी अधिक चालतात. म्हणून वयावरून मोल न करता स्थितीवरून करावे. रीत अशी: त्याच जातीचे निर्दोष यंत्र आसपास कितीस विकले जाते हे तीन-चार ठिकाणी विचारावे, व त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. समजा, निर्दोष यंत्र २,५०,००० रुपयांस जाते. पाहिलेल्या यंत्रास टायर ४५,०००, क्लच १५,०००, हायड्रॉलिक ८,००० आणि नोंदणी ७,००० मिळून ७५,००० रुपये लागणार आहेत. न दिसलेल्या दोषांकरिता आणखी २५,००० धरावेत. तर त्या यंत्राचे मोल १,५०,००० रुपये होय. हे आकडे केवळ रीत दाखविण्यापुरते आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील आकडे घालावेत.

ह्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तो म्हणजे, यंत्र आपणांस परवडते काय? वरील यंत्रात एकंदर २,५०,००० रुपये गुंतले. ८ वर्षांनी ते ९०,००० रुपयांस गेले असे धरल्यास दरसाल घट २०,००० होते. सरासरी १,७०,००० रुपयांवर शेकडा १० प्रमाणे व्याज १७,०००, दुरुस्ती व तेल १५,०००, विमा ३,०००. एकूण ५५,००० रुपये. भाड्याच्या ट्रॅक्टराच्या तासाच्या दरातून स्वतःचा डिझेल व चालकाचा खर्च वजा जाता तासामागे ५०० रुपये वाचत असतील, तर वर्षास ११० तास काम निघाले तरच हा खर्च भरून येतो. ज्याच्या घरी ४०-५० तासांचेच काम आहे, त्याने भाड्याने काम करून घ्यावे, अथवा दोन-तीन भावांनी मिळून यंत्र घ्यावे.

ह्यावर कोणी म्हणेल की, वाफसा दोन दिवस असतो आणि भाड्याचा ट्रॅक्टर चौथ्या दिवशी येतो, त्या नुकसानीचे काय? हा आक्षेप खरा आहे, व वेळेवर झालेल्या पेरणीचे मोल हिशेबात धरलेच पाहिजे. परंतु पेरणीच्या ऐन दिवशी मिस्त्रीच्या दारात उभा असलेला स्वतःचा ट्रॅक्टर भाड्याच्या ट्रॅक्टराहूनही उशिरा येतो. म्हणून आमची वाचकांस अशी सूचना आहे की, जुने यंत्र घ्यावयाचे झाल्यास ते ऐन मृगाच्या तोंडावर न घेता सुगी आटोपल्यावर घ्यावे. त्या वेळी पारखण्यास सवड असते, आणि काढलेले दोष पेरणीपूर्वी दुरुस्त होतात. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याची मजुरी आपण द्यावी, दलालास देऊ देऊ नये, आणि सर्व दोष कागदावर मांडून मगच भावाची गोष्ट काढावी.