पहाटेचा तास

आमच्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. नोकरी सांभाळून गाणें कसें करावें? विचारणारा कधीं बँकेंत असतो, कधीं शाळेंत शिक्षक असतो, कधीं संगणकाच्या कचेरींत रात्रपाळी करणारा असतो. गळा चांगला असतो, गुरूही लाभलेला असतो. उणा असतो तो वेळ. आम्ही गेलीं २७ वर्षें कारकुनी करून गात आलों, तेव्हां आमच्यापाशीं कांहीं तरी युक्ति असलीच पाहिजे, असा त्यांचा समज. आजवर आम्ही या प्रश्नाचें एक ठराविक उत्तर देत असूं. तें खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. आणि तें अपुरें कसें, हेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आमचें उत्तर असें: पहाटेचा एक तास धरावा आणि तो सोडूं नये. पांचला उठावें, तंबोरा जुळवावा, अर्धा तास खर्ज साधावा, आणि उरलेल्या वेळांत पलटे व चालू रागांतील एखादी चीज घ्यावी. रविवारीं सलग सहा तास बसून आठवड्याची भरपाई होत नाहीं. सोमवारीं नुसता आवाज बसतो. गळा रोजच्या थोड्या मेहनतीनें तयार होतो. नोकरदाराच्या या क्रमांत एक गंमतही आहे. पहाटेचे ललत आणि भैरव त्याला मिळतात, रात्रीचे यमन आणि बागेश्री मिळतात. पण दुपारचे वृंदावनी सारंग, भीमपलास, मुलतानी हे राग बिचारे कचेरीच्या भिंतींआड मावळतात. त्यांच्या वांट्याला रविवार तेवढा येतो.

या उत्तराच्या पुष्ट्यर्थ डॉ. वसंतराव देशपांडे यांचें नांव घेण्याची आमची जुनी खोड आहे. १९२० सालीं मूर्तिजापूर येथें जन्मलेल्या या गवयानें पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यांत नोकरी केली, आणि तीही दोन-चार वर्षें नव्हे, तर दोन तपांच्या घरांत. दिवसा जमाखर्च आणि रात्रीं मैफल! नोकरी सोडल्यानंतर, १९६७ सालीं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचें ‘कट्यार काळजात घुसली’ हें नाटक रंगभूमीवर आलें आणि त्यांतील खाँसाहेबांच्या भूमिकेनें वसंतरावांचें नांव घरोघर झालें. तेव्हां त्यांचें वय ४७ वर्षांचें होतें. ‘आतां उशीर झाला’ असें म्हणणाऱ्या पंचविशीच्या तरुणास हा आंकडा ऐकविला म्हणजे त्याचा चेहरा खुलतो.

दुसरें नांव पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचें. १८६० सालीं मुंबईस वाळकेश्वरीं जन्मलेले भातखंडे पेशानें वकील. १८८७ सालीं कायद्याची पदवी घेऊन त्यांनीं वकिली केली, आणि त्याच काळांत पारशी मंडळींच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त बसून शेंकडों ध्रुपदें व ख्याल मिळविले. पुढें देशभर हिंडून उस्तादांच्या कंठांतील चिजा त्यांनीं स्वरलिपींत उतरविल्या. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आजही गाणें शिकणाऱ्याच्या घरीं सांपडतात. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९२६ सालीं लखनौस संगीताचें महाविद्यालय निघालें, तें त्यांच्याच खटपटीनें.

पण ही हकीकत सांगतांना दोन वाक्यें आम्ही नेहमीं घाईनें उरकीत असूं. १९०० सालीं त्यांची पत्नी वारली. १९०३ सालीं एकुलती एक मुलगी गेली. दक्षिणेचा त्यांचा प्रसिद्ध प्रवास १९०४ सालचा आहे, आणि वकिलीही त्यांनीं त्यानंतर सोडली. म्हणजे ज्या अवकाशांत हें प्रचंड काम उभें राहिलें, तो अवकाश घर रिकामें झाल्यामुळें मिळालेला होता. असा अवकाश कोणी कोणास इच्छूं नये. ज्यांचें घर भरलेलें आहे त्यांनीं भातखंड्यांपासून कष्ट शिकावे. वेळ कोठून आणावा, हें मात्र त्यांच्याकडून शिकतां येत नाहीं.

भरलेल्या घराचें उदाहरण पाहिजे असेल तर तें दूर रशियांत सांपडतें. अलेक्सांद्र बोरोदिन (१८३३–१८८७) हे सेंट पीटर्सबर्ग येथील वैद्यकीय विद्यालयांत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि रशियाच्या थोर संगीतकारांतही त्यांची गणना होते. प्रयोगशाळा, विद्यार्थी, स्त्रियांना वैद्यक शिकविण्याचे वर्ग अशीं अनेक कामें त्यांच्यामागें होतीं. पत्नी दम्यानें आजारी असे. त्यांतून घरीं नातेवाइकांचा सारखा राबता! त्यांचे स्नेही रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनीं आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे कीं, घरांत कोणी ना कोणी निजलेलें असल्यामुळें बोरोदिन यांना स्वतःचाच पियानो वाजवितां येत नसे. ‘प्रिन्स इगोर’ हें संगीत नाटक त्यांनीं १८६९ सालीं हातीं घेतलें. अठरा वर्षांनीं ते वारले तेव्हां तें अपुरेंच होतें. मित्रांनीं तें पुरें केलें आणि १८९० सालीं त्याचा प्रयोग झाला. शेजारच्या खोलींत पाहुणे निजले आहेत म्हणून तंबोरा खालीं ठेवणारीं माणसें आम्हीं आपल्याकडेही पाहिलीं आहेत. बोरोदिन यांच्या घरांत त्यांच्या संगीताचा कोणी शत्रु होता असें नव्हे. त्यांच्या तासाची नोंद कोणाच्याच हिशेबांत नव्हती, इतकेंच.

आमच्या घरांत तसें झालें नाहीं. आमचा तास सर्वांनीं सांभाळला. तो कसा सांभाळला गेला, हें मात्र गेल्या वर्षापर्यंत आम्हांस कळलें नव्हतें.

गेल्या वर्षीं आमच्या पेठेंतील गणेशोत्सवांत आमचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि नोकरी सांभाळून पाव शतकावर गाणें टिकविल्याबद्दल गौरवाचे चार शब्द. उत्तरादाखल बोलतांना आम्हीं गुरुजींचे आभार मानले, रजा देणाऱ्या वरिष्ठांचे मानले, साथीदारांचे मानले. घरीं परतून आईच्या पायांवर डोकें ठेविलें. तिचें वय आज ८२ वर्षांचें आहे. ती म्हणाली, “भाषण चांगलें झालें रे. पण तूं पहाटे गात होतास, तेव्हां तुझ्या पोरांना मागच्या खोलींत गप्प कोण ठेवीत होतें, तें सांगायचें राहिलें.” थोडें थांबून ती पुढें म्हणाली, “सूनबाईलाही गळा होता. मंगळागौरीला तिनें म्हटलेलीं गाणीं मला अजून आठवतात. पुढें कधीं ऐकलीं नाहींत.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सारा जन्म खातेवह्यांत गेल्यामुळें आंकडे मांडण्याची संवय. आठवड्याचे सहा तास, वर्षाचे तीनशेंच्या वर, २७ वर्षांचे ८,००० हून अधिक. हे आठ हजार तास आम्ही स्वतः कमावले असें समजत होतों. पण त्यांपैकीं प्रत्येक तासांत कोणी तरी दूध तापविलें होतें, डबे भरले होते, रडणारें मूल उचलून गच्चीवर नेलें होतें. थोरल्या वहिनींनीं कित्येकदां आमच्या वांट्याचें पाणी भरलें होतें. तास आमच्या नांवें जमा होत होता आणि खर्च दुसऱ्यांच्या नांवें पडत होता.

आणि एक गोष्ट तर अशी कीं, ती लिहितांना लाज वाटते. आमच्या सौभाग्यवती लग्नापूर्वीं गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. मुलीला गाण्याचें अंग आहे, घरांत गाणें राहील, असें म्हणून आमच्या घरीं त्यांना पसंत केलें होतें. घरांत गाणें राहिलें खरें. पण तें आमचें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं विचारलें, “तूं गाणें कां सोडलेंस?” त्या भाजी निवडीत होत्या. “सोडलें कुठें?” त्या म्हणाल्या. “पहाटे एकानें बसायचें, तेवढीच घरांत जागा होती. तुम्ही बसलांत. मला त्याचें वाईट वाटलें नाहीं असें मात्र नाहीं.” एवढें बोलून त्यांनीं ताट उचललें आणि त्या आंत गेल्या. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न आम्हीं विचारला नव्हता, म्हणून हें उत्तरही मिळालें नव्हतें.

स्त्रियांना संसारांत गाणें साधतच नाहीं, असें कोणी समजूं नये. कोल्हापुरांत पहिले धडे घेतलेल्या माणिक भिडे (१९३५–२०२३) लग्नानंतर मुंबईस आल्या आणि संसार करीत किशोरी आमोणकरांकडे वर्षानुवर्षें शिकल्या. त्यांच्या कन्या अश्विनी भिडे-देशपांडे यांनीं जीवरसायनशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली आणि आईकडून गायकीही घेतली. डॉ. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) विज्ञान आणि कायदा या दोन्ही विषयांच्या पदवीधर. त्यांनीं आकाशवाणींत नोकरी केली, आणि पुढें मुंबईच्या महिला विद्यापीठांत संगीत विभागाचें प्रमुखपद सांभाळलें. असामान्य गुण ही एक गोष्ट झालीच. पण आम्हांस यांत आणखी एक गोष्ट दिसते. गाणें हें काम मानलें म्हणजे त्याला वेळ काढावाच लागतो. हौस मानली म्हणजे बाकीचीं सर्व कामें संपेपर्यंत त्याला दाराबाहेर थांबावें लागतें. आणि गृहिणीचीं कामें तर कधींच संपत नाहींत.

असो. आम्हीं त्याच आठवड्यांत घरांतील सर्व मंडळींस एकत्र बसविलें आणि स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर तासांची वांटणी लिहिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार या पहाटा सौभाग्यवतींच्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार आमच्या. त्यांच्या पहाटे चहा, दूध, डबे हें सारें आमच्याकडे. वहिनींनीं वाचनासाठीं दुपारचा एक तास मागून घेतला. मुलीनें अभ्यासासाठीं मागची खोली मागितली. वांटणी एकदां सुरू झाली म्हणजे ती गाण्यापुरती राहत नाहीं, हें त्या दिवशीं कळलें.

हें सारें सुरळीत पार पडलें असें सांगितलें तर तें खरें होणार नाहीं. पहिल्या महिन्यांत दोनदां दूध उतूं गेलें, आणि एकदां सर्वांच्या डब्यांतील भाजी अळणी गेली. थोरल्या बंधूंना हा खटाटोप पसंत नव्हता. “या वयांत गाऊन काय मिळवायचें आहे?” असें ते म्हणाले. त्यावर “हें तूं धाकट्याला कधीं विचारलेंस?” असें आईनें त्यांना विचारलें. ते उठून गेले, आणि अजूनही या विषयावर ते बोलत नाहींत.

आमचें नुकसान झालें, तेंही लपवूं नये. आठवड्याचे सहा तास तीनांवर आले. द्रुत तानेंत पूर्वींची सफाई राहिली नाहीं, आणि यंदा दोन मैफली आम्हांस नाकाराव्या लागल्या. सौभाग्यवतींचा आवाज अजून तार षड्जापाशीं फाटतो. पंचवीस वर्षें न गाइलेला गळा एका वर्षांत परत येत नाहीं; त्यांतील पुष्कळसा तर परत येणारच नाहीं. हें त्यांनाही ठाऊक आहे. तरी आपल्या वांट्याच्या दिवशीं त्या पांचाच्या आधींच उठलेल्या असतात. रविवारची दुपार आम्हीं दोघांची ठेविली आहे. त्या वेळीं त्या सारंग घेतात आणि आम्ही तंबोरा धरतों.

तेव्हां यापुढें नोकरी सांभाळून गाणें कसें करावें असें कोणी विचारलें, तर पहाटेच्या तासाचें आम्ही पूर्वींप्रमाणेंच सांगूं. कारण तें खरें आहे. पण लगेच त्याला आमचाही प्रश्न राहील: बाबा, तुझ्या तासाचा खर्च घरांत कोणाच्या नांवें पडतो? आणि त्या माणसाचा तास कोणता? पहिल्या वर्षींच याचें उत्तर शोधलें तर घरांत दोन गळे तयार होतील. आमच्याप्रमाणें सत्ताविसाव्या वर्षीं शोधलें तर एक थोडा मागें जाईल आणि दुसरा थोडा पुढें येईल. तेंही कांहीं थोडें नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या माळ्यावर एखादी पेटी किंवा गवसणींत गुंडाळलेला एखादा तंबोरा असेल. तो कोणाचा, आणि वर कधीं गेला, एवढें आज संध्याकाळीं सर्व मंडळी जेवावयास बसल्यावर विचारून पाहावें, इतकेंच सांगून आम्ही ही लेखणी खालीं ठेवितों. उद्यां बुधवार आहे, आणि डबे आमच्याकडे आहेत.