ही वस्तू येथे कशी आली?
केंब्रिज विद्यापीठाचे पुरातत्त्व व मानवशास्त्र संग्रहालय १८८४ साली स्थापन झाले. नूतनीकरणानंतर २०१२ साली ते पुन्हा खुले झाले व रस्त्यावरून थेट आत नेणारे नवे प्रवेशद्वार त्यास लाभले. परंतु अभ्यासकाने दालनांच्या शोभेपाशीच थांबू नये. प्रत्येक वस्तू येथे कशी आली, हेही विचारावे. ऑस्ट्रेलियातील ग्वीगल या मूलनिवासी लोकांचे सुमारे ४० भाले कॅप्टन कुकने १७७० साली नेले. त्यांपैकी ट्रिनिटी महाविद्यालयाकडे आलेले चार भाले १९१४ पासून या संग्रहालयाच्या ताब्यात होते. एप्रिल २०२४ मध्ये ते मूळ समाजाच्या वारसदारांना कायमचे परत देण्यात आले. जतन करणे हे संग्रहालयाचे कर्तव्य होय. ज्याचे त्यास परत देणे, हेही कर्तव्यच होय.