'हुशार आहे, पण वाचत नाही' : वाचनाच्या पायाविषयी थोडेसे

पालकसभेत दरवर्षी एक वाक्य हमखास कानी पडते. "बाई, ह्याला सगळे समजते हो, तोंडी काहीही विचारा. पण पुस्तक उघडले की ह्याचे डोके दुखते." असे सांगणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर काळजी असते आणि थोडी लाजही. शेजारी बसलेले मूल खाली मान घालून बुटाच्या नाडीशी खेळत असते.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्या तिसरीच्या वर्गात होता. उभे राहून धडा वाचायला सांगितला, की तो खणखणीत आवाजात वाचत असे. एक दिवस पंख्याच्या वाऱ्याने त्याच्या पुस्तकाचे पान उलटले, तरी त्याचे वाचन थांबले नाही! समोर दुसराच धडा होता आणि तोंडातून पहिला धडा अस्खलित चालू होता. वर्ग हसला. मलाही ती लबाडी वाटली आणि मी त्याला सर्वांसमोर 'आळशी' म्हटले. नंतर त्याच्या आईकडून कळले, की आजीकडून रोज रात्री धडा तीन-तीनदा वाचून घेऊन तो पाठ करीत असे. जो मुलगा आठ-दहा ओळींचा धडा ऐकून पाठ करतो, तो आळशी कसा? उलट वर्गातील इतरांपेक्षा दुप्पट मेहनत तोच करीत होता. ती चूक माझी होती. हा लेख लिहिण्यामागे तेच कारण आहे.

वाचताना नेमके काय घडते?

बोलणे मूल ऐकून ऐकून आपोआप शिकते. वाचनाचे तसे नाही. माणूस फार प्राचीन काळापासून बोलत आला आहे, पण लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. मेंदूत वाचनासाठी जन्मतः तयार अशी जागा नसते. पाहण्याची, ऐकण्याची, लक्षात ठेवण्याची आणि अर्थ लावण्याची जी केंद्रे असतात, त्यांना एकमेकांशी जोडून प्रत्येक मुलाला वाचनाची वाट नव्याने तयार करावी लागते.

'चिमणी' हा साधा शब्द घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, नंतर 'च'. पण उच्चारात 'च्' आधी आणि 'इ' नंतर. म्हणजे पाहण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम उलटा! मग 'चि' हा ध्वनी मनात धरून ठेवायचा, 'म' ओळखायचा, 'णी' ओळखायचा, तिन्ही जोडायचे आणि 'अरे, ही तर अंगणात येते ती चिमणी' असा अर्थ लावायचा. आपण मोठी माणसे हे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत करतो, म्हणून त्यातले कष्ट आपल्या लक्षात येत नाहीत. एखाद्या मुलाची ह्यातली एकच पायरी कच्ची असली, तरी सगळा जिना डळमळतो.

पायाची पाच कौशल्ये

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे, ध्वनींची जाण. शब्द लहान लहान ध्वनींचा बनलेला असतो, हे कानाला कळणे. 'पाऊस' मधून 'पा' काढला तर काय उरते? 'ऊस'. हे ज्या मुलाला चटकन सांगता येते, त्याच्या वाचनाचा पाया बहुधा भक्कम असतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हाच प्रश्न विचारला तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, पाऊस थांबतो."

दुसरे, आकारांतला बारीक फरक ओळखणे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य ही आपल्या लिपीतली जुळी भावंडे आहेत. 'ख' आणि 'रव' ह्यांत तर मोठेही फसतात.

तिसरे, तात्पुरते स्मरण. शब्दाचा शेवट वाचेपर्यंत सुरुवात आणि वाक्याचा शेवट येईपर्यंत पहिला शब्द मनात धरून ठेवणे. पाठांतराची शक्ती निराळी आणि ही निराळी. त्या मुलाचे पाठांतर उत्तम होते, पण चार अक्षरांचा नवा शब्द फळ्यावर लिहिला की तिसऱ्या अक्षरापाशी पहिले अक्षर हरवत असे.

चौथे, ओळखीच्या चिन्हाचे नाव झटकन आठवणे. अक्षर येते, पण आठवायला वेळ लागतो. अशा मुलाचे वाचन अडखळत चालते आणि अर्थाचा धागा तुटतो.

पाचवे, लक्ष टिकवणे आणि शब्दांचा साठा. अक्षरे जुळली, पण 'निरांजन' हा शब्दच कधी कानावर पडला नसेल, तर वाचूनही उपयोग काय?

इंदूरच्या मुलांची खास अडचण

आपली मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत आणि खेळाच्या मैदानावर हिंदी आणि शाळेत पुष्कळदा इंग्रजी. तीन भाषा येणे हे वैभवच आहे, त्याने मूल मागे पडत नाही. पण मराठी आणि हिंदी ह्यांची लिपी एक आणि चाल वेगळी, हे कोणीतरी मुलाला समजावून सांगायला हवे.

'ज्ञ' आपण 'द्न्य' असा उच्चारतो, हिंदीत तो 'ग्य' होतो. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च लिहिण्यात सारखे, बोलण्यात निराळे. 'जन्म' आणि 'जवळ' ह्यांचेही तसेच. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, म्हणून हिंदीला सरावलेले मूल 'काळ' ला 'काल' वाचते आणि वाक्याचा अर्थच बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, हा फरक तर एका लहानशा खुणेवर उभा आहे. अशा चुकांवर लाल शाईची रेघ मारण्याऐवजी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून मोठ्याने म्हणून दाखवावेत. मुलांना त्यात गंमत वाटते.

शिवाय आपल्या लिपीत शिकायचेही पुष्कळ असते. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली, तर अक्षररूपे शेकड्यांत जातात. बंगळुरूच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवले आहे, की भारतीय लिपीतली सर्व अक्षररूपे आत्मसात व्हायला मुलांना चौथीपर्यंतही वेळ लागू शकतो. मराठीची लिपीही त्याच कुळातली आहे. म्हणून दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर अडले, तर लगेच घाबरू नये.

संशोधन काय सांगते?

हा प्रश्न जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज. पण वाचन जमत नव्हते. त्याच्या शिक्षकांचे मत होते, की सारे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षे उलटली, तरी आपल्या पालकसभेतले वाक्य तेच आहे!

पुढे १९८३ साली ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना यमक आणि सारखे ध्वनी ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनात चांगली निघाली. जी मागे होती, त्यांपैकी काहींना ध्वनींचे खेळ दिले, काहींना ध्वनींबरोबर प्लॅस्टिकची अक्षरेही हाताळायला दिली. सर्वांत जास्त प्रगती ह्या दुसऱ्या गटाची झाली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीचा २०००चा अहवालही हेच सांगतो, की ध्वनींचा सराव अक्षरांसह दिला तर अधिक फळतो.

येथे पालकांना एक सावधगिरीची सूचना. 'मेंदू तल्लख करा', 'स्मरणशक्ती वाढवा' अशा महागड्या वर्गांच्या जाहिराती आपण पाहतो. नुसत्या स्मरणाच्या व्यायामांवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ साली मोनिका मेल्बी-लेरवाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी घेतला. मुले त्या व्यायामात पटाईत होतात, पण त्यामुळे वाचन सुधारते असे दिसले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून विचारशक्तीचा सराव जरूर द्यावा, पण तो शब्द, अक्षर आणि पुस्तक ह्यांच्याशी जोडलेला असावा.

घरी काय करता येईल?

ह्यासाठी खर्च नको, रोजची पंधरा मिनिटे पुरेत.

१. भेंड्या : शेवटच्या अक्षरावरून शब्द सांगणे हा ध्वनींचा उत्तम व्यायाम आहे. भोपाळ किंवा उज्जैनच्या प्रवासात गाडीत मोबाईल बाजूला ठेवून खेळावे.

२. अक्षर पळवा : 'कपाट' मधून 'क' पळवला तर 'पाट', 'नगारा' मधून 'न' पळवला तर 'गारा'. आधी तोंडी, मग पाटीवर लिहून आणि पुसून.

३. टाळी द्या : शब्द म्हणताना प्रत्येक अक्षराला एक टाळी. 'जिलेबी' ला तीन. जिलेबी समोर असेल तर सराव अधिक मन लावून होतो!

४. ताटातली अक्षरे : ताटात रवा पसरून, तोंडाने ध्वनी म्हणत बोटाने अक्षर गिरवावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पाने, बिया, काड्या अशा परिसरातल्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. महागडी साधने त्यांच्याकडेही नव्हती.

५. निरोप आणि यादी : "देवघरातून काडेपेटी, फडताळातून वाटी आणि अंगणातून दोन फुले आण." हळूहळू वस्तू वाढवाव्यात. नंतर तीच यादी मुलाकडून लिहून आणि वाचून घ्यावी.

६. तोच उतारा पुन्हा : रोज नवा धडा नको. एक लहान उतारा आधी मोठ्यांनी वाचावा, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने. तीन-चार दिवस तोच. मात्र मूल पाठ म्हणते आहे की वाचते आहे, हे मधला एखादा शब्द बोटाने दाखवून पाहावे. हा धडा मला त्या पंख्याने शिकवला.

७. आजी-आजोबांनी वाचून दाखवणे : मुलाला वाचता येत नसले, तरी त्याच्या कानावर चांगली मराठी पडत राहिली पाहिजे. शब्दसाठा असाच वाढतो.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ते ठीक असूनही, सहा महिने नियमित सराव करूनही आठ वर्षांच्या मुलाला सोपे शब्द जुळवता येत नसतील, तर संकोच न करता बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घ्यावा. कदाचित डिस्लेक्सिया असेल. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' ह्या चित्रपटामुळे हा शब्द घराघरात पोहोचला. डिस्लेक्सिया म्हणजे वेड नव्हे आणि मतिमंदत्वही नव्हे.

मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने नंदिनी चटर्जी सिंह यांच्या नेतृत्वाखाली 'डाली' नावाची चाचणीमाला तयार केली आणि ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. आपल्या मुलांसाठी हे फार सोयीचे आहे, कारण मूल एकाच भाषेत अडते की सर्व भाषांत, हे पाहता येते. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर मान्यता दिली आहे. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागणे ही भीक नाही, तो मुलाचा हक्क आहे.

शाळेने काय करावे?

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती, की वेळापत्रकात रोज एक वाचनाची तासिका राखावी, पहिली-दुसरीच्या शिक्षकांना ह्या विषयाचे प्रशिक्षण मिळावे आणि समाजातील निवृत्त ज्येष्ठांना आठवड्यातून एक तास मुलांचे वाचन ऐकण्यासाठी बोलवावे. आपल्या समाजात निवृत्त शिक्षकांची वाण नाही. शिक्षकांनीही, मी धरून, एक पथ्य पाळावे. अडखळणाऱ्या मुलाला पूर्वतयारीशिवाय वर्गासमोर वाचायला उभे करू नये.

आणि मुलांनो, तुमच्या शेजारचा मित्र वाचताना अडखळला तर हसू नका. थांबा. त्याला वेळ द्या.

त्या मुलाबरोबर मी वर्षभर मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बसत असे. चमत्कार काही झाला नाही. वार्षिक परीक्षेच्या सुमारास त्याने कधी न ऐकलेला चार ओळींचा उतारा बोट ठेवत, घाम पुसत, पण स्वतः वाचला. वाचून झाल्यावर म्हणाला, "बाई, पान उलटवू का?" मी म्हटले, "उलटव."