विश्लेषण : महायुद्ध संपले, तरी अमेरिकेत बेरोजगारीची लाट का आली नाही?

लाखो सैनिक घरी परतणार आणि शस्त्रांचे कारखाने थंडावणार, त्यामुळे १९४५ मध्ये अमेरिकेला पुन्हा मंदीची धास्ती होती. प्रत्यक्षात संकट आले ते वेगळेच.

भीती कशाची होती?

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्यदलांत सुमारे १ कोटी २० लाख जण होते. १९४७ च्या मध्यापर्यंत ही संख्या १५ लाखांच्या आसपास आली. सरकारचा वार्षिक खर्च १९४५ मध्ये सुमारे ९,३०० कोटी डॉलर होता, तो १९४८ पर्यंत ३,००० कोटींवर घसरला. १९३०च्या दशकातील महामंदीच्या आठवणी ताज्या होत्या. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९४३ मध्येच युद्धानंतरच्या मोठ्या बेरोजगारीचा इशारा दिला होता. तरीही १९४६ मध्ये बेरोजगारीचा दर ४ टक्क्यांच्या आसपासच राहिला.

मग हे सैनिक गेले कुठे?

अनेक जण थेट वर्गात गेले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४४ मध्ये ‘जीआय बिल’वर स्वाक्षरी केली होती. त्यानुसार माजी सैनिकांना शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जहमी आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, तेही कमाल ५२ आठवडे, अशी तरतूद होती. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला. त्यातील सुमारे २२ लाख महाविद्यालयांत शिकले. त्यामुळे सगळे एकाच वेळी नोकरीच्या रांगेत उभे राहिले नाहीत.

कारखान्यांचे काय झाले?

फेब्रुवारी १९४२ पासून सामान्य ग्राहकांसाठी मोटारी बनवणे बंद होते. युद्धाच्या काळात पगार चांगले होते, पण बाजारात वस्तू नव्हत्या. त्यामुळे लोकांकडे बचत आणि युद्धरोखे साठले होते. निर्बंध उठताच मोटारी, फ्रिज आणि नायलॉनच्या मोज्यांसाठी झुंबड उडाली. मिशिगनमधील विलो रनच्या ज्या कारखान्यात फोर्ड कंपनी बी-२४ बॉम्बफेकी विमाने बनवत होती, तिथे कायझर-फ्रेझरच्या मोटारी तयार होऊ लागल्या. रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर काम करणाऱ्या रेथिऑन कंपनीने त्याच तंत्रावर मायक्रोवेव्ह ओव्हन बाजारात आणला.

म्हणजे सारे सुरळीत झाले?

अजिबात नाही. मागणी प्रचंड आणि माल कमी. जून १९४६ अखेर किंमत नियंत्रणाची मुदत संपली आणि भाव भडकले. त्या वर्षभरात महागाई सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. युद्ध संपल्याने ओव्हरटाइम गेला, वर महागाई. कामगार संपावर गेले. जनरल मोटर्समधील संप ११३ दिवस चालला. ‘मोटारींच्या किमती न वाढवता ३० टक्के पगारवाढ द्या,’ अशी वॉल्टर रूथर यांची मागणी होती. प्रत्यक्षात तासाला साडेअठरा सेंटची वाढ मिळाली. १९४६ या एका वर्षात सुमारे ४६ लाख कामगारांनी संपात भाग घेतला. पुढच्याच वर्षी संसदेने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून संघटनांना वेसण घालणारा टॅफ्ट-हार्टली कायदा केला.

आकड्यांत कोण दिसत नाही?

बेरोजगारीचा दर मोजताना काम शोधणाऱ्यांनाच धरले जाते. युद्धकाळात यंत्रांवर उभ्या राहिलेल्या असंख्य स्त्रियांना पुरुष परतताच घरी पाठवण्यात आले. त्यांतील ज्यांनी काम शोधणे सोडले, त्या आकड्यांतूनच गळाल्या.

कृष्णवर्णीय सैनिकांसाठी कायदा कागदावर समान होता, पण कर्ज स्थानिक बँका देत. १९४७ मध्ये मिसिसिपीतील काही शहरांत या योजनेतील ३,२२९ कर्जांपैकी अवघी दोन कृष्णवर्णीयांना मिळाली. न्यूयॉर्कजवळ बटाट्याच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन वसाहतीत त्यांना घर घेण्यास बंदीच होती.

घर हीच मध्यमवर्गाची मुख्य मालमत्ता ठरली. त्यामुळे तेव्हा नाकारलेल्या कर्जाची किंमत त्या सैनिकांच्या मुला-नातवंडांनाही मोजावी लागली. मंदी टळली हे खरे, पण ती सर्वांसाठी सारख्याच पद्धतीने टळली नाही.