एका क्रियापदाचा वेग

ताशी ६५ किलोमीटर आणि ताशी ५१ किलोमीटर. गाड्या त्याच, अपघात तेच, फिल्मही त्याच. बदललं होतं ते प्रश्नातलं एक क्रियापद.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा हा प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. ४५ विद्यार्थ्यांनी अपघाताच्या सात फिल्म पाहिल्या. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं एका गटाला विचारलं. दुसऱ्याला, एकमेकींना नुसत्या ‘लागल्या’ तेव्हा किती होता. फरक ताशी १४ किलोमीटरचा पडला. हा काही किरकोळ आकडा नव्हे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे एका शब्दाने साक्षीदाराच्या डोक्यातली टक्कर ६२ टक्क्यांनी जोरदार झाली!

चार फिल्ममधल्या टकरी मुद्दाम घडवलेल्या असल्याने त्यांतला खरा वेग ठाऊक होता. ताशी ३२ किलोमीटरची टक्कर विद्यार्थ्यांना सरासरी ६१ची वाटली आणि ६४च्या दोन टकरींपैकी एक ५८ची. निम्म्या वेगाची गाडी जास्त जोरात गेलेली दिसली! डोळ्यांनी असा घोळ घातलेला असताना प्रश्नातल्या शब्दाला शिरायला जागा कमी कशी पडेल?

पुढचा प्रयोग मला जास्त घाबरवतो. मिनिटभराचीही नाही अशी फिल्म, त्यात अपघात चार सेकंदांचा, पाहणारे १५०. वेगाचा प्रश्न ५० जणांना ‘आदळल्या’ म्हणून, ५० जणांना ‘धडकल्या’ म्हणून विचारला. आठवड्याने सगळ्यांना विचारलं : फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ज्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नव्हतं त्या ५० जणांपैकी ६ ‘हो’ म्हणाले. ‘धडकल्या’वाल्या ५० पैकी ७. ‘आदळल्या’वाल्या ५० पैकी १६. आणि ही मंडळी खोटं बोलत नव्हती.

प्रयोगशाळेबाहेर या घोळाची किंमत वर्षांत मोजावी लागते. अमेरिकेत २०२० पर्यंत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेले ३७५ जण ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ या संस्थेने मोजले, प्रत्येकाची सरासरी १४ वर्षं तुरुंगात गेली होती. सेकंदांत सांगायचं तर ४४ कोटी. ६९ टक्के खटल्यांत प्रत्यक्षदर्शीची ओळख चुकली होती. प्रत्येक ठिकाणी पोलिसांनीच काही सुचवलं, असं मात्र नाही.

नॉर्थ कॅरोलायनातला रोनाल्ड कॉटनचा खटला अशाच चुकलेल्या ओळखीचा. १९८४ साली बलात्कारपीडित तरुणीने आधी फोटोंतून त्याला निवडलं. मग ओळखपरेड झाली. फोटोंतही आणि परेडमध्येही असलेला माणूस एकटा कॉटन. चौथा की पाचवा, अशी ती घुटमळली, मग पाचव्यावर, म्हणजे कॉटनवर, बोट ठेवलं. फोटोतही तू यालाच निवडलं होतंस, असं पोलिसांनी तिला नंतर सांगितलं. एवढ्या एका वाक्याने घुटमळ संपली. कोर्टात ती ठाम होती. १९८७च्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार, बॉबी पूल, तिच्यासमोर आणला गेला. याला आपण कधी पाहिलेलंच नाही, असं तिने सांगितलं. १९९५ साली डीएनए पूलशी जुळला. तोवर कॉटनची साडेदहा वर्षं गेली होती.

आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यातही सरतपासणीत साक्षीदाराला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारण्यावर बंधन होतं. नव्या साक्ष अधिनियमातही ते आहे. पण हे बंधन कोर्टातल्या प्रश्नांना. साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो रस्त्यावर, बघ्यांच्या गर्दीत.