टायर घ्या, पण तारीख आणि हिशेब पाहून!

वडवणी (प्रतिनिधी) : बीड-परळी मार्गावरील वडवणीतून निघालेली मोटार बीडला धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाला मिळते, तेथून जालन्याकडे गेल्यास समृद्धी महामार्ग लागतो. शेतरस्त्याचे खड्डे आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देणारा काँक्रीटचा रस्ता, हे दोन्ही एकाच प्रवासात त्याच चार टायरना सोसावे लागतात. तरीही टायर बदलण्याची वेळ आली की खर्च जड वाटतो आणि दुकानातील सर्वांत स्वस्त टायर गाडीला चढतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यानंतर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची राज्यभर चर्चा झाली. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या मार्गावर टायरची तपासणी हाती घेतली आणि गुळगुळीत टायरच्या वाहनांना मागे फिरविण्यात आले. बेताच्या खर्चातही चांगला टायर मिळू शकतो. त्यासाठी ग्राहकाने टायरच्या कडेवर छापलेला मजकूर वाचायला हवा.

केव्हा बदलावा?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असणे आवश्यक आहे. हे पाहण्यासाठी मोजपट्टीची गरज नाही. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या बरोबरीला आला की टायर बदलावा. कडेवरील छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे या उंचवट्यांची जागा दाखवितात. टायरच्या बाजूला फुगा आला असेल किंवा चीर पडून आतील धागे दिसत असतील, तर खाचा शिल्लक असूनही तो वापरू नये.

कडेवर काय वाचावे?

समजा, टायरवर '१६५/८० आर १४ ८५ टी' असे छापलेले आहे. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० ही रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि १४ हा रिमचा इंचातील व्यास. '८५' म्हणजे एका टायरची ५१५ किलो भार पेलण्याची क्षमता, तर 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगमर्यादा. गाडीसाठी योग्य माप चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत असते. भार आणि वेग यांचे आकडे त्याहून कमी असलेला टायर घेऊ नये.

त्यानंतर उत्पादनाची तारीख पाहावी. लंबगोलात चार अंक असतात; '३५२५' म्हणजे २०२५ मधील ३५वा आठवडा. न वापरताही रबर कालांतराने कडक होते. त्यामुळे अनेक महिने पडून असलेला माल नव्या भावाने घेण्याचे कारण नाही. आयएसआय चिन्हही तपासावे. केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता आदेशानुसार ते बंधनकारक झाले आहे. ओल्या रस्त्यावरील पकड, रस्त्यावर घरंगळताना होणारा अवरोध आणि आवाज यांसाठीही केंद्राने २०२२ मध्ये मानके अधिसूचित केली.

स्वस्त म्हणजे किती?

टायरची किंमत त्याच्या आयुष्याशी ताडून पाहावी. समजा, तीन हजार रुपयांचा टायर ३० हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरमागे दहा पैसे पडतात. चार हजारांचा टायर ५० हजार किलोमीटर चालला, तर आठ पैसेच पडतात. भाड्याने गाडी चालविणाऱ्यांना हा फरक वर्षाकाठी जाणवतो. नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे भाव विचारताना तो करासह विचारावा आणि पक्के बिल घ्यावे. वॉरंटीच्या वेळी तेच उपयोगी पडते.

दुसऱ्या गाडीवरून उतरविलेले, रबर चढविलेले किंवा खाचा कोरून नवे भासविलेले टायर मोटारीसाठी टाळावेत. आतील तारा तुटल्या असतील तर ते बाहेरून दिसत नाही. भर उन्हाळ्यात, गाडी माणसांनी भरलेली असताना आणि महामार्गाच्या वेगात हा दोष जिवावर बेतू शकतो.

दोनच घेता येत असतील तर

चारही टायर एकदम घेणे परवडत नसल्यास एकसारखे दोन घ्यावेत आणि ते मागील चाकांना बसवावेत. गाडी पुढील चाकांवर चालणारी असली तरी हाच सल्ला दिला जातो. पावसात पुढची चाके घसरली तर गाडी सरळ रेटत जाते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते.

नवे टायर बसविताना व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह यांचा खर्च टाळू नये. काढलेले टायरही बारकाईने पाहावेत. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला भाग झिजला असेल तर जास्त, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले. हा दोष दूर न केल्यास नवे टायरही तसेच झिजतील.

हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबून तापते. टायर फुटण्यामागे हे एक मोठे कारण असते. म्हणून महिन्यातून किमान एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी, टायर थंड असताना, सुट्या चाकासह हवा तपासावी. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात आणि महागड्या टायरचीही त्यावाचून सुटका नाही.