जुहूचे विमान आणि तुमचा प्रकल्प

विज्ञान प्रदर्शनात एक दृश्य हमखास दिसते. चित्रे रंगीत, मांडणी झकास. पण निरीक्षणांचा तक्ता मात्र अर्धा कोरा! मुलांनी आळस केलेला नसतो. उलट ठरवल्यापेक्षा जास्त काम अंगावर घेतलेले असते. हे कसे टाळावे, ते पाहण्यासाठी आपण जुहूच्या विमानतळावर जाऊ या.

हा विमानतळ 1928 साली सुरू झाला. आज तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात. 15 ऑक्टोबर 1932 रोजी दुपारी तेथे 'पस मॉथ' जातीचे एक छोटे विमान उतरले. जे. आर. डी. टाटा यांनी ते कराचीहून अहमदाबादमार्गे आणले होते. आत सुमारे 25 किलो टपाल होते. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले.

योजना आटोपशीर होती. लंडनहून कराचीपर्यंत विमानाने येणारे टपाल आठवड्यातून एकदा पुढे मद्रासपर्यंत पोचवायचे. हाताशी लहान विमाने दोन.

अशा विमानात आणखी काही घ्यायचे झाले तर? थोडे गणित करू. रिकाम्या पस मॉथचे वस्तुमान सुमारे 575 किलो, आणि उड्डाणाच्या वेळी सर्व मिळून मर्यादा सुमारे 930 किलो. म्हणजे वैमानिक, पेट्रोल आणि सामान यांच्या वाट्याला 355 किलो उरतात. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान साधारण 0.72 किलो असते. ही मर्यादा गाठलेली असताना 72 किलोचा माणूस आत बसवला, तर 100 लिटर पेट्रोल कमी करावे लागेल. मग मुक्काम गाठायचा कसा? आत बसायला जागा आहे एवढ्याने भागत नाही. काही चढवायचे तर काय उतरवायचे, हे आधी ठरवावे लागते.

योजनेत अडचणींचाही विचार हवा. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई. त्या काळापुरते सारे काम पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवले जाई. पहिल्या वर्षात या विमानांनी सुमारे 1,60,000 मैल उड्डाण केले. नवे मार्ग आणि मोठी विमाने पुढे टप्प्याटप्प्याने आली. मुंबई ते लंडन उड्डाण झाले ते 8 जून 1948 रोजी!

आता तुमच्या प्रकल्पाकडे वळू. समजा, साध्या लंबकाची लांबी बदलली की दोलनकाल कसा बदलतो, हे तुम्हांला पाहायचे आहे. पाच लांबींसाठी प्रत्येकी तीन वेळा मोजले की 15 निरीक्षणे झाली. प्रत्येकास दोन मिनिटे धरली, तर अर्ध्या तासात काम संपते.

तेवढ्यात एक मित्र म्हणतो, "चार वेगवेगळ्या वस्तुमानांचे गोळेही घेऊ." प्रत्येक लांबी प्रत्येक गोळ्याबरोबर तपासायची, तर निरीक्षणे 60 होतात. दुसरा म्हणतो, "झोक्याचे तीन कोनही घेऊ." आता 180! अर्ध्या तासाचे काम सहा तासांवर गेले. सूचना दोनच होत्या, पण काम वाढले ते बेरजेने नव्हे, गुणाकाराने.

मग नव्या कल्पना टाकूनच द्यायच्या का? नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. लांबीची 15 निरीक्षणे तशीच ठेवा. मग लांबी आणि कोन कायम ठेवून आणखी तीन गोळे तपासा. ती 9 निरीक्षणे. शेवटी लांबी आणि गोळा कायम ठेवून आणखी दोन कोन तपासा, ती 6. एकूण 30, म्हणजे एक तास. प्रत्येक जोडीची माहिती मिळणार नाही, पण विचारलेल्या तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळेल.

प्रकल्प सुरू करण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहा. एक, आपण काय शोधणार, ते एका वाक्यात. दोन, यंदा काय करणार नाही. तीन, निम्मे काम कोणत्या तारखेला पुरे व्हायला हवे. मधेच नवी कल्पना सुचली, तर तिच्यासाठी कोणते काम कमी करणार ते प्रथम सांगा. सांगता आले नाही, तर ती वहीच्या शेवटच्या पानावर नोंदवून ठेवा. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाची सुरुवात त्याच पानापासून करता येईल.